‘ओरिजिनल’ रेम्ब्रांट आणि बिलावर ‘फोटो फ्रेम १ नग’ : फोर्टातल्या जुन्या प्रिंट्सच्या दुकानाचा अनुभव

तीन स्टार. साडेतीन देणार होते पण अर्धा फ्रेमिंगने खाल्ला, ते पुढे येईलच.

दुकानाचं नाव लिहीत नाहीये. ते चालवणाऱ्या काकांशी माझं भांडण नाही, आजही तिथे जाते, आणि नाव टाकलं की लोक एकतर दुकानाला झोडतात नाहीतर मलाच. एवढंच सांगते की हॉर्निमन सर्कलच्या मागच्या गल्लीत आहे, लाकडी जिना चढून पहिला मजला, दारात चपला काढायला लावतात (का ते अजून कळलं नाही, आत फरशीवर धूळच असते), आणि आत भिंतभर सपाट ड्रॉवर्स. मुंबईचे जुने नकाशे, फुलापानांची चित्रं, डॅनियल ह्या इंग्रज चित्रकार काका-पुतण्यांनी काढलेली देवळं-घाट, ते सगळं आहे. ऑफिस चर्चगेटला असल्यामुळे लंच टाइममध्ये चालत जाता येतं, आणि काका तासभर ड्रॉवर उघडून बघू देतात, ‘घ्यायचंय का’ असं एकदाही विचारत नाहीत, ह्याला माझ्याकडून पूर्ण एक स्टार.

मला रेम्ब्रांटचं, म्हणजे त्या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराचं, खूळ लागलं ते ऑफिसच्या कामाला ॲम्स्टरडॅमला गेले तेव्हा. त्याचं घर आहे तिथे, म्युझियम केलंय, १६३९ ला घेतलेलं आणि १६५६ ला दिवाळं निघाल्यावर हातचं गेलेलं. वरच्या खोलीत एक बाई तांब्याच्या प्लेटला शाई लावून दाखवत होती. आधी शाई भरली, मग जाळीदार फडक्याने पुसली, आणि शेवटी तळहाताने, अगदी पोळीवर पीठ झटकतात तसं, आणि मी बघतच राहिले कारण मला बाबा आठवले. बाबा गिरगावात एका प्रोसेस स्टुडिओत ब्लॉकमेकर होते, म्हणजे छपाईचे धातूचे ठसे बनवायचे, तीसेक वर्षं. जस्ताचा पत्रा, नायट्रिक, हातांना कायम पिवळे डाग. लग्नपत्रिकांवरचे गणपती, साबणाच्या जाहिराती, निवडणुकीतल्या उमेदवारांचे फोटो, सगळ्याचे ब्लॉक. ऑफसेट छपाई आली, ब्लॉक लागेनासे झाले आणि तो धंदा बसला.

तर एचिंग म्हणजे काय हे मला बाबांनी एका वाक्यात सांगितलं, जे त्या म्युझियममधल्या पाटीवर चार परिच्छेदांत होतं. ‘आमच्या ब्लॉकात रेघ वर राहते आणि बाकीचं ॲसिड खातं, ह्याच्यात रेघच ॲसिड खातं आणि शाई त्या खड्ड्यात बसते.’ बस. प्लेटवर मेण-राळेचा पातळ थर द्यायचा, त्यात सुईने चित्र काढायचं, ॲसिडमध्ये बुडवायची, जिथे सुई फिरली तिथे तांबं खाल्लं जातं. मग शाई भरून पुसायची आणि ओलसर कागद ठेवून प्रेसमधून दाबून काढायची. रेम्ब्रांटने अशी ३०० च्या आसपास केली, आणि नुसतं ॲसिडवर न थांबता वरून सुईने थेट तांबं ओरखडायचा, त्याला ड्रायपॉइंट म्हणतात. त्या ओरखड्याच्या कडेला तांब्याचा बारीक उंचवटा राहतो, त्यात शाई अडकते आणि छापल्यावर रेघ मखमलीसारखी दिसते. पण तो उंचवटा थोड्याच प्रतींमध्ये चेपला जातो. म्हणून त्याच प्लेटची सुरुवातीची प्रत आणि नंतरची प्रत ह्यात जमीन-अस्मानाचा फरक, किमतीतही.

आता मूळ मुद्दा. गेल्या ऑगस्टमध्ये, धो धो पाऊस, गिऱ्हाईक कोणीच नाही, काकांनी खालच्या ड्रॉवरमधून एक फ्रेम काढली. शंख. रेम्ब्रांटने १६५० ला केलेलं शंखाचं एचिंग, पोस्टकार्डाएवढं, शंखावर काळे-पांढरे चट्टे, मागे काळोख. हा शंख आपल्या बाजूच्या समुद्रातला, हिंदी महासागर-पॅसिफिकमध्ये सापडतो, तेव्हा डच जहाजांमधून असल्या वस्तू तिकडे जायच्या आणि श्रीमंत लोक कपाटात मांडायचे. रेम्ब्रांटलाही जमवायचा नाद होता, दिवाळं उगाच नाही निघालं.

“काका, हे ओरिजिनल आहे?”

“ताई, हात लावून बघा की. प्लेटचा दाब दिसतोय ना कडेला? प्रिंटआउट नाहीये हे.”

दाब खरंच होता. प्रेसमधून जाताना प्लेटच्या कडेचा कागदावर चौकोनी खळगा पडतो तो. बोट फिरवलं तर शाईची रेघ किंचित उठलेली लागत होती. मागितले अठरा हजार, मी साडेअकराला घेतलं फ्रेमसकट, आणि त्या आनंदात बिल न वाचता पर्समध्ये टाकलं. रेम्ब्रांटची खरी जुनी प्रत साडेअकरा हजारात मिळेल का एवढा साधा प्रश्न स्वतःला विचारला नाही. विचारला असता तर उत्तर आवडलं नसतं म्हणून बहुतेक.

घरी आले. आईने बघितलं आणि पहिलं वाक्य, ‘अगं हा तर उजवा शंख, देव्हाऱ्याजवळ लाव.’ मी हसले पण मग चमकले, कारण आई बरोबर बोलत होती. ह्या जातीच्या शंखाचा वळसा निसर्गात एकाच दिशेने असतो आणि चित्रात तो उलटा आहे, आपल्याकडे ज्याला दक्षिणावर्ती म्हणून डोक्यावर घेतात तसा. कारण रेम्ब्रांटने समोर दिसला तसाच प्लेटवर काढला, आणि छापताना सगळं उलटं होतं. गंमत म्हणजे खाली सही केलीय ती मात्र प्लेटवर उलटी लिहिलीय, म्हणून छापल्यावर सुलट दिसते. म्हणजे सहीच्या वेळी लक्षात होतं, शंखाच्या वेळी फिकीर केली नाही.

मग बाबांनी त्यांचं जुनं भिंग काढलं, ब्लॉकवर ठेवायचं असतं तसलं, पितळी पाय असलेलं. खिडकीत बसून दहा मिनिटं बघत होते.

“स्क्रीन नाहीये,” ते म्हणाले. म्हणजे हाफटोनचे, फोटो छापताना पडतात ते बारीक ठिपके नाहीत. हे पहिलं बघायचं बरं का, तुम्ही कुठेही जुनं प्रिंट घेत असाल तर. भिंगाखाली ठिपक्यांची रांगोळी दिसली तर ते पुस्तकातलं पान कापून लावलेलं आहे, मग तो विकणारा कितीही शपथा घेवो. साधं दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं, काही शेकड्यांत मिळतं.

मी खूश. पण बाबा अजून बघत होते.

“रेघा सगळ्या एका खोलीच्या आहेत. ॲसिड सगळीकडे सारखाच वेळ बसलंय. हाताने करणारा माणूस थोडं खाऊ देतो, झाकतो, परत खाऊ देतो. इथे ते नाही.” मग जरा थांबून, “पण काम एक नंबर आहे हो. आमच्या मालकाने बघितलं असतं तर त्या माणसाला दुप्पट पगारावर ठेवून घेतलं असतं.”

मला वाटलं बाबांना आपल्या धंद्यातलं काहीतरी दिसतंय, उगाच. विषय तिथेच राहिला आणि शंख हॉलमध्ये लागला. देव्हाऱ्याजवळ नाही, आई अजून बोलते त्यावरून.

ऑक्टोबरमध्ये कागदावर तांबूस ठिपके दिसायला लागले, खालच्या कोपऱ्यात सहा-सात, आणि माउंटच्या, म्हणजे प्रिंटभोवतीच्या पुठ्ठ्याच्या, आतल्या कडेने पिवळी रेघ. फ्रेम उघडली. आणि इथे तो अर्धा स्टार गेला. मागे साधा हार्डबोर्ड, प्रिंट चारही कोपऱ्यांवर गोंदाने चिकटवलेलं, वरून ब्राउन टेप. मुंबईच्या पावसाळ्यात हार्डबोर्ड दमट होतो, त्यातलं ॲसिड कागदात उतरतं, गोंदाला कसर लागते. जुने प्रिंट्स विकणाऱ्या दुकानाने हे करावं म्हणजे सोनाराने दागिना भिजल्या वर्तमानपत्रात बांधून देण्यासारखं आहे. लग्नाचा फोटो असा लावला तर ठीक, पुन्हा काढता येतो.

जुने कागद दुरुस्त करून जपणाऱ्या एका कॉन्झर्वेटर बाईंकडे नेलं. त्यांनी हळूहळू ओलावा देऊन गोंद सोडवला, दोन दिवस लागले, साडेतीन हजार घेतले, आणि पुन्हा लावताना जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या फक्त वरच्या बाजूला, गव्हाच्या खळीने. खळ पाण्याने सुटते, म्हणजे पुढे कोणालाही काढता येईल. माउंट ॲसिड-फ्री, काच आणि कागद एकमेकांना टेकणार नाहीत असं, आणि बाहेरच्या भिंतीवर लावू नका, आतल्या भिंतीवर लावा म्हणाल्या, पावसात बाहेरची भिंत ओल धरते. हे सगळं दुकानाने सांगायला हवं होतं.

आणि कागद सुटल्यावर मागच्या बाजूला काय, तर लाल शिक्का. छोटा, गोल, आत दोन अक्षरं.

बाईंनी ओळखला. आमां-द्युरां नावाचा फ्रेंच माणूस, एकोणिसाव्या शतकातला, ह्याने रेम्ब्रांटच्या एचिंग्जच्या हुबेहूब प्रती केल्या, फोटोवरून तांब्याच्या प्लेटवर उतरवून, ॲसिडने खाऊन, हाताने सुधारून, आणि तारांच्या रेघा असलेल्या चांगल्या कागदावर खऱ्या प्रेसवर छापून. म्हणून प्लेटचा दाब खरा, शाईचा उठाव खरा, कागदही बऱ्यापैकी जुना. आणि तो प्रामाणिक होता, कोणी फसू नये म्हणून मागे शिक्का मारायचा. शिक्का झाकला गेला तो आमच्याकडच्या हार्डबोर्डाने.

बाबांना फोन केला. ते हसायलाच लागले. फोटो काढून प्लेटवर उतरवायचा आणि ॲसिडने खायचा, हे त्यांनी तीस वर्षं केलं. ‘मी म्हटलं नव्हतं? हा आमच्यातलाच माणूस आहे.’ त्यांना कोण आनंद. माझे साडेअकरा हजार आणि वर साडेतीन गेले त्याचं काही नाही.

दुकानात गेले तेव्हा चिडलेलीच होते. बिल काढलं, म्हटलं बघा तुम्ही ओरिजिनल म्हणून विकलंत, आणि बिलावर बघते तर ‘फोटो फ्रेम – १ नग’. मी दोन मिनिटं नुसती त्या कागदाकडे बघत उभी होते. रेम्ब्रांट नाही, एचिंग नाही, शंख नाही, काही नाही. ह्या बिलावर ग्राहक आयोगात गेले असते तर फोटो फ्रेम तर मिळालीच होती मला.

काका मात्र भांडले नाहीत. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, ताई, मलाही लॉटमध्ये असंच आलं, एका पारशी घरातून, मी मागे उघडून बघितलंच नव्हतं. खरं की खोटं देव जाणे, मला खरं वाटलं, कारण पुढे त्यांनी जे विचारलं ते असं होतं, “मग ओरिजिनल कशाला म्हणायचं सांगा ना.” टोमणा नव्हता, खरंच विचारत होते.

आणि हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीये. प्लेट तांब्याची असते, माणूस मरतो, प्लेट राहते. रेम्ब्रांट १६६९ ला गेला. १६७९ ला ॲम्स्टरडॅमच्या एका प्रिंटविक्याच्या मालमत्तेची यादी झाली त्यात रेम्ब्रांटच्या ७४ प्लेट्स होत्या. पुढे अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसच्या बासां नावाच्या माणसाने ७५-८० प्लेट्स मिळवल्या, झिजलेल्या ठिकाणी सुधारून घेतल्या, आणि त्यांचे अल्बम छापून विकले. त्याच्यानंतर त्याच्या मुलाने, मग आणखी दोघा-तिघांनी. विसाव्या शतकातही त्यातून छापलंय, आणि १९९३ ला लंडनमध्ये त्या प्लेट्स विकायला निघाल्या तेव्हा कुठे त्या जगभर पांगल्या. रेम्ब्रांटचं सगळ्यात गाजलेलं, ‘शंभर गिल्डर प्रिंट’ (गिल्डर म्हणजे डच नाणं), त्याची प्लेट तर बेली नावाच्या एका कॅप्टनने १७७५ च्या सुमारास घेऊन पुन्हा कोरून काढली, छापली, आणि नंतर चार तुकडे करून तुकडेही छापून विकले. आमच्या गल्लीतला भंगारवालासुद्धा आधी विचारतो हो.

म्हणजे ‘ओरिजिनल’मध्ये चार थर आहेत. रेम्ब्रांट जिवंत असताना त्याच्या घरी छापलेलं. त्याच्याच प्लेटवरून पण तो गेल्यावर शंभर-दोनशे वर्षांनी छापलेलं. माझ्या शंखासारखं, दुसऱ्याच्या प्लेटवरचं. आणि पुस्तकातलं पान. दुकानात चारही एकाच शब्दाने विकली जातात, आणि फक्त ह्याच दुकानात नाही. म्हणून आता मी ‘ओरिजिनल आहे का’ विचारतच नाही, विचारते प्लेट कोणाची आणि छापलं कधी, आणि उत्तर बिलावर लिहून द्या म्हणते. काका आता देतात.

मी हे सगळं बोलताना काकांनी अचानक उठून वरच्या कपाटातून एक पाकीट काढलं. ‘मग हे बघा, हे तुमच्या दुसऱ्या थरातलं असेल.’ दारात भीक घेणारं कुटुंब, १६४८ चं. म्हातारा अर्ध्या दारावरून वाकून बाईच्या हातावर नाणं ठेवतोय, तिच्या पाठीला तान्हं बांधलेलं. मी विकत घेणार नव्हते पण बाबांना दाखवायचं होतं, म्हणून पुढच्या शनिवारी त्यांना घेऊन आले. अठ्ठ्याहत्तर वय, लाकडी जिना, मध्ये दोनदा थांबले, पण भिंग खिशात.

काकांनी फ्रेमबिम काही नाही, प्रिंट तसंच हातात दिलं, ह्याला मानलं. बाबांनी आधी खिडकीकडे उजेडाला धरलं. जुना हातकागद असेल तर त्यात साच्याच्या तारांच्या रेघा दिसतात, बारीक आडव्या आणि अंतरा-अंतरावर उभ्या. ह्यात काहीच नाही, सलग गुळगुळीत. तसला कागद युरोपात आला १७५० च्या सुमाराला, म्हणजे रेम्ब्रांटच्या मरणानंतर ऐंशी वर्षांनी. छापणारा तो असूच शकत नाही. (उलट मात्र धरू नका, रेघा आहेत म्हणजे जुनं असं नाही, माझ्या शंखाला रेघा आहेत.) मग भिंग लावलं. म्हाताऱ्याच्या मागची सावली, जिथे आडव्या-उभ्या रेघांची जाळी घनदाट असायला हवी, तिथे नुसती राखाडी. बारीक रेघा गायब, जाड तेवढ्या उरलेल्या.

“प्लेट थकलीय,” बाबा म्हणाले. “पण हात त्याचाच आहे. हे बघ, इथे सुई घसरलीय त्याची, आणि त्याने तशीच ठेवलीय.”

बाईच्या पदराच्या खाली, पदर म्हणजे ते जे काही असतं तिकडे, एक रेघ खरंच भलतीकडे गेलेली होती. आता ती सुई घसरली का मुद्दाम, मला नाही कळत. पण बाबा दहा मिनिटं तिच्याकडेच बघत होते, आणि काका चहा गार होईपर्यंत बाबांकडे. मग दोघांचं झिंकचा पत्रा, नायट्रिकचा कॅन, कुठला मालक पगार बुडवायचा ह्यावर जे सुरू झालं ते दीड तास, मी ड्रॉवर बघत बसले.

किंमत पावणेदोन लाख सांगितली. नाही घेतलं. थकलेल्या प्लेटला तेवढे मला परवडत नाहीत, आणि घ्यायचंच झालं तर मी बाहेरच्या एखाद्या ऑक्शनच्या भावाशी ताडून घेईन, जिथे कॅटलॉगचा नंबर आणि कितवी स्टेट आहे ते लिहिलेलं असतं. स्टेट म्हणजे प्लेटमध्ये बदल करून पुन्हा छापलं की पुढची स्टेट, काही चित्रांच्या आठ-आठ आहेत. काकांच्या पाकिटावर पेन्सिलने नुसतं ‘रेम्ब्रांट, भिकारी’ होतं. बाहेरून मागवलं तर वर ऑक्शनवाल्यांचं कमिशन, कुरियर, कस्टम्स, हे सगळं धरून हिशोब करा, नुसती बोली बघून हुरळू नका.

घ्यायचं नसलं तरी बघायला नक्की जा. सोमवार ते शुक्रवार दुपारी दीड ते अडीच जाऊ नका, काका जेवतात आणि पुतण्या बसतो, त्याला काही माहीत नाही आणि तो सगळंच ओरिजिनल म्हणतो. फ्रेम त्यांच्याकडून करू नका, नुसता कागद घ्या. आणि बोलता बोलता मी काकांना सांगून बसले की रेम्ब्रांटकडे मुघल चित्रं यायची, त्याने शहाजहानची वगैरे वीसेक रेखाचित्रं जपानी कागदावर उतरवून काढली होती ती आजही शिल्लक आहेत. पुढच्या वेळी गेले तर एका गिऱ्हाइकाला तेच सांगत होते, ‘साहेब, हा रेम्ब्रांट म्हणजे आपल्या शहाजहानचा फॅन.’ मी गप्प बसले, अगदीच खोटं नव्हतं.

त्या दिवशी शंखाचं आणखी एक प्रिंट ड्रॉवरमध्ये दिसलं, बहुतेक त्याच लॉटमधलं. मागे लाल शिक्का, आणि ह्या वेळी शिक्का दिसावा म्हणून मागच्या बोर्डाला चौकोनी खिडकी कापलेली. पुढे पेन्सिलने चिठ्ठी, ‘रेम्ब्रांटवरून, फ्रान्स, १८०० नंतरचं’. किंमत अठरा हजारच.